भोपळा म्हणजे नेमके काय?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. बँकेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर गेल्या जूनपासून मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी दोन तास, नऊ ते तेरा वर्षांच्या चौदा मुलांना घेऊन बसते. गोष्टी वाचणे, त्यांवर बोलणे, कधी एखादे कोडे सोडवणे, एवढेच त्याचे स्वरूप आहे. दिवाळीनंतर आम्ही प्राचीन ग्रीसकडे वळलो आणि प्लेटो या तत्त्वज्ञाची अकादमी, म्हणजे त्याची शाळा, मुलांच्या मनात इतकी भरली की आता त्यांना आपल्या खोलीला तेच नाव द्यायचे आहे आणि दारावर ‘ज्याला भूमिती येत नाही त्याने आत येऊ नये’ अशी पाटीही लावायची आहे. त्यांचा उत्साह पाहून आनंद होतो, पण अडचणीही आहेत. एक मुलगा इतका तल्लख आहे की माझा प्रश्न पुरा होण्याआधीच त्याचे उत्तर येते, ते बहुधा बरोबर असते, आणि मग बाकीची तेरा मुले खिडकीबाहेर पाहू लागतात. वाचनालयाची झाडलोट करणाऱ्या मावशींची मुलगीही आमच्यात बसते. तिने परवा विचारले, “प्लेटोच्या शाळेत मुली होत्या का? आणि मला घेतले असते का?” मला उत्तर सुचले नाही. त्यातच दोन पालकांनी यातून निष्पन्न काय होते, शिष्यवृत्ती परीक्षेला याचा काही उपयोग आहे का, अशी विचारणा केली. मी शिक्षिका नाही. मी या मुलांना काही शिकवते तरी आहे का, अशी शंका आता मलाच येऊ लागली आहे. काय करावे?

— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

पाटीपासून सुरुवात करतो, कारण तेवढा एक निर्णय सोपा आहे: ती लावू नका. प्लेटोच्या दारावर असे वाक्य कोरलेले होते ही हकीकत त्याच्या काळातील कोणत्याही लेखनात आढळत नाही. ती सांगणारे लेखक त्याच्यानंतर कित्येक शतकांनी होऊन गेले. भूमितीचे तेथे मोठे स्थान होते हे खरे आहे, त्यामुळे पाटी खोटी असली तरी तिच्यामागची समजूत अगदीच निराधार नाही. परंतु तुमच्या खोलीचा प्रश्न इतिहासाचा नसून दाराचा आहे. नऊ वर्षांच्या मुलाने माडीचा जिना चढून आल्यावर सर्वांत आधी वाचायचे वाक्य ‘आत येऊ नये’ हे असावे का, एवढे त्या चौदा जणांनाच विचारा. त्यांतल्या निम्म्यांना तरी भूमितीची धास्ती असेल आणि पाटी आपोआप मागे पडेल.

नावाला मात्र हरकत नाही, फक्त ते कोठून आले हे मुलांना ठाऊक असावे. अथेन्सच्या तटाबाहेर, वायव्येला, साधारण दीड किलोमीटरवर अकादेमोस नावाच्या वीरपुरुषाच्या नावाने ओळखली जाणारी एक राई होती. अथीना देवीची पवित्र मानलेली ऑलिव्हची झाडे तेथे होती, आणि किमोन नावाच्या सेनानीने त्या रुक्ष जागेत पाणी खेळवून, सावलीच्या वाटा आखून ती रमणीय केली, असे चरित्रकार प्लुटार्क लिहितो. तेथे व्यायामशाळा होती, तरुण मंडळी कसरतीला आणि गप्पांना येत, आणि इ.स.पू. ३८७च्या सुमारास प्लेटो तेथे शिकवू लागला. त्याचे स्वतःचे घर आणि लहानशी बाग जवळच होती. म्हणजे हे नाव मुळात एका झाडीचे आहे. आज आपल्याकडे पोलीस भरतीपासून नृत्यापर्यंत प्रत्येक शिकवणीच्या फलकावर ‘अकॅडमी’ लिहिलेले असते आणि त्या बिचाऱ्या अकादेमोसाला त्याची गंधवार्ताही नसते. त्या फलकांत तुमचा एक वाढला तर बिघडत नाही. एवढे मात्र करा की वाचनालयाच्या आवारात एखादे झाड असेल तर वर्षातून काही रविवार त्याच्याखाली बसा.

दुसरी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. प्लेटोची अकादमी ही मुलांची शाळा नव्हती. अथेन्समधील मुलगा सात वर्षांचा झाला की लिहिण्यावाचण्यासाठी एका शिक्षकाकडे, वाद्य आणि गायन यांसाठी दुसऱ्याकडे आणि कुस्ती-कसरतीसाठी तिसऱ्याकडे जाई. त्याची ने-आण करायला घरचा एखादा गुलाम असे. त्या शाळांत पाठांतर फार होते आणि छडीही होती. अकादमीत येत ते त्यापुढचे तरुण आणि प्रौढ, आणि त्यांतले काही आयुष्यभर तेथेच राहत. पुढे स्वतः थोर तत्त्वज्ञ झालेला ॲरिस्टॉटल सतराव्या वर्षी आला आणि वीस वर्षे राहिला. तेव्हा तुमच्या रविवारच्या मेळाव्याला तिची प्रतिकृती करण्याच्या भरीस पडू नका. पांढऱ्या चादरी गुंडाळून नाटक करायचे तर एखाद्या स्नेहसंमेलनात करावे. तेथून उचलण्यासारखी गोष्ट वेगळी आहे, आणि ती एका भोपळ्याच्या कथेत सापडते.

प्लेटोच्याच काळात एपिक्रेटिस नावाचा एक विनोदी नाटककार होता. त्याचे नाटक आज उपलब्ध नाही, परंतु त्यातला एक उतारा सुमारे साडेपाचशे वर्षांनी अथेनिअस नावाच्या लेखकाने आपल्या ग्रंथात उद्धृत केला म्हणून वाचला. त्यात एक पात्र दुसऱ्याला विचारते की प्लेटो आणि त्याची मंडळी हल्ली कशात गुंतली आहेत, आणि दुसरे सांगते: मी अकादमीच्या व्यायामशाळेत तरुण मुलांचा एक घोळका पाहिला, ते प्राण्यांचे, झाडांचे आणि भाज्यांचे प्रकार पाडत होते, आणि त्यांच्यापुढे प्रश्न होता की भोपळा हा कोणत्या प्रकारात बसतो. आधी सगळे मान खाली घालून बराच वेळ गप्प उभे राहिले. मग अचानक एक म्हणाला, ही गोल भाजी आहे. दुसरा म्हणाला, हे गवत आहे. तिसरा म्हणाला, झाड आहे. हे ऐकून तेथे आलेल्या सिसिलीच्या एका वैद्याने, ही सगळी बडबड व्यर्थ आहे अशा अर्थाचा एक अत्यंत असभ्य आवाज काढला. (तो कोणता, हे मुलांना सांगितलेत तर त्या दिवशी पुढे काहीही होणार नाही, पण सांगाच, कारण अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसेही माणसेच होती हे पटायला त्याहून चांगला पुरावा नाही.) मुलांनी तिकडे लक्षच दिले नाही. आणि प्लेटो, जो तेथेच होता, न रागावता, अगदी सौम्यपणे त्यांना म्हणाला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, आणि ती पुन्हा विभागणी करू लागली.

हा उतारा थट्टेचा आहे, अहवाल नव्हे, हे विसरू नये. पण प्रेक्षकांना जे ओळखीचे नाही त्याची थट्टा रंगत नाही, आणि म्हणून अकादमीत काय चाले याची जी थोडी समकालीन झलक आपल्याला मिळते तीत हा उतारा मोलाचा आहे. त्यात गुरू उत्तर सांगत नाही, हे पाहा. तीनही उत्तरे अपुरी आहेत, तरी कोणालाही तो ‘चूक’ म्हणत नाही आणि कोणाला शाबासकीही देत नाही. बाहेरून हेटाळणी झाली तरी काम थांबत नाही. आणि सर्वांपुढे प्रश्न एकच आहे, तो सर्वांनी मिळून धरलेला आहे, प्रत्येकाने आपापल्या वहीत सोडवायचा नाही. आपल्याकडे परीक्षेत भोपळा मिळणे म्हणजे गोष्ट संपली. तेथे भोपळ्यापासून गोष्ट सुरू होते. मी तुम्हाला एकच सल्ला द्यायचा म्हटले तर तो ‘पुन्हा पहिल्यापासून’ हा असेल, आणि पुढचे सगळे त्याचेच तपशील आहेत.

तेव्हा येत्या रविवारी खरोखरच एक भोपळा घेऊन जा. तो दुधी असावा, कारण लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला आहे आणि प्लेटोच्या शिष्यांच्या तो नजरेलाही पडलेला असणे शक्य नाही. त्यांच्यापुढचे फळ दुध्याच्याच कुळातले असावे. तो मध्ये ठेवा आणि प्रश्न विचारा: हे काय आहे? कोणी भाजी म्हणेल. मग विचारा, पालकही भाजी आणि हीही भाजी, तर दोघांत समान काय? कोणी म्हणेल, आई दोन्ही शिजवते. म्हणजे भाजी हा स्वयंपाकघराने ठरवलेला प्रकार आहे, झाडाने ठरवलेला नव्हे, हे एखाद्याच्या ध्यानात येईल, आणि नाही आले तर पुढच्या वेळी येईल. कोणी म्हणेल, आत बिया आहेत म्हणून हे फळ. मग टोमॅटो? वांगे? मिरची? आणि बिया नसलेले केळे? अकादमीची रीत अशी होती की मोठा प्रकार घ्यायचा, त्याचे दोन भाग पाडायचे, आपली वस्तू ज्या भागात पडते त्याचे पुन्हा दोन भाग पाडायचे, आणि ती एकटी उरेपर्यंत हे चालू ठेवायचे. फळ्यावर तशीच फांद्यांची आकृती काढा. ती मध्येच अडेल, खोडावी लागेल. खोडा, आणि पुन्हा काढा. पहिला तासभर कोणीही मोबाईल काढायचा नाही आणि कोश उघडायचा नाही, हा नियम तुम्हालाही लागू. त्यानंतर वनस्पतिशास्त्र काय म्हणते ते वाचून दाखवा, म्हणजे ते उत्तर भुकेल्या माणसाला जेवण मिळावे तसे मुलांच्या अंगी लागेल.

व्याख्या करणे जमू लागले की ती मोडणेही शिकवा. या बाबतीत मुले मोठ्यांपेक्षा सरस असतात. प्लेटोने माणसाची व्याख्या ‘पिसे नसलेला दोन पायांचा प्राणी’ अशी केली आणि लोकांनी तिचे कौतुक केले, तेव्हा डायोजेनीस नावाचा एक फटकळ तत्त्वज्ञ पिसे उपटलेला कोंबडा घेऊन आला आणि म्हणाला, हा घ्या प्लेटोचा माणूस. त्यावर व्याख्येत ‘रुंद नखांचा’ अशी भर घातली गेली, असे सांगतात. कथेतला कोंबडा खरा असो वा नसो, ती मुलांना सांगून मग ‘खुर्ची म्हणजे काय’, ‘खेळ म्हणजे काय’, ‘मित्र म्हणजे काय’ असे प्रश्न द्या, आणि प्रत्येक व्याख्येसाठी एक एक कोंबडा शोधायला सांगा. मित्राच्या व्याख्येपाशी खोली शांत होईल. तेथे घाई करू नका.

आता तुमच्या तल्लख मुलाकडे वळतो. त्याला गप्प बसवू नका. तो अपराधी नाही, आणि इतर मुलेही मंद नाहीत. दोष असलाच तर तो प्रश्नांत आहे, कारण ज्या प्रश्नाला एका शब्दाचे बरोबर उत्तर असते तो प्रश्न सर्वांत वेगवान मुलाच्याच मालकीचा होतो. ‘अथेन्सची देवता कोण?’ या प्रश्नात शर्यत आहे. ‘भोपळा काय आहे?’ या प्रश्नात ती टिकत नाही, कारण पहिले उत्तर देणाऱ्यालाही पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. प्रश्न बदललेत की निम्मी अडचण संपेल.

उरलेल्या निम्मीसाठी दोन उपाय सुचवतो. त्यांतला एक खुद्द अथेन्सचा आहे. ॲरिस्टॉटलने इ.स.पू. ३३५च्या सुमारास लायसियम येथे स्वतःची शाळा सुरू केली तेव्हा त्याने दर दहा दिवसांनी नवा प्रमुख नेमण्याचा नियम केला होता, आणि ही रीत त्याने अकादमीच्या झेनोक्रेटिसकडून घेतली होती, असे चरित्रकार डायोजेनीस लाएर्शियस सांगतो (हा कोंबडेवाला डायोजेनीस नव्हे). तुमच्याकडे दहा दिवसांऐवजी दोन रविवार धरा. प्रमुखाने चर्चा चालवायची, कोणाचा नंबर ते सांगायचे, वेळ पाहायची, आणि महत्त्वाचे म्हणजे त्याने स्वतः मत द्यायचे नाही, फक्त प्रश्न विचारायचे. सर्वांत लहान मुलापासून सुरुवात करा आणि तल्लख मुलाची पाळी साधारण मध्यावर येऊ द्या. दोन रविवार उत्तर न देता नुसते विचारत राहणे त्याला फार जड जाईल, पण मला अनुभवाने सांगावेसे वाटते की अशा मुलांना ते एकदा जमले की उत्तर देण्याची हाव बरीच ओसरते, कारण चांगला प्रश्न विचारून सगळ्यांना अडवण्यातली मजा त्यांना कळलेली असते.

दुसरा उपाय आपल्याच परंपरेतला आहे. आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांत आपले मत मांडण्याआधी समोरच्याचे मत पूर्वपक्ष म्हणून मांडावे लागे, आणि ते चांगले मांडल्याशिवाय खंडनाला किंमत नसे. तुमच्या खोलीत एवढाच नियम करा की बोलणाऱ्याने आपल्या आधी बोललेल्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगावे आणि मगच आपले बोलावे. ‘तू असे म्हणालीस ना?’ असे विचारावे, तिने ‘हो’ म्हणावे, मग पुढे जावे. पहिल्या दोन-तीन वेळा हे हास्यास्पद वाटेल. पण खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलाला जेव्हा कळते की पुढचा माणूस आपलेच म्हणणे पुन्हा सांगणार आहे, तेव्हा तो खिडकीतून आत येतो.

मतभेद झाले, कोणी रुसले, तर तेही या शिक्षणाचाच भाग आहे असे समजा. वीस वर्षे प्लेटोजवळ राहिलेल्या ॲरिस्टॉटलने पुढे प्लेटोच्या सर्वांत लाडक्या सिद्धांतावर टीका केली आणि ती करताना लिहिले की ही मांडणी करणारे आपले स्नेही आहेत, पण स्नेही आणि सत्य दोन्ही प्रिय असताना सत्याला अग्रमान देणे हेच उचित.

तुम्ही ‘मी काही शिकवते तरी आहे का’ असे विचारले आहे. त्याचे उत्तर देण्याऐवजी तुम्हाला एक रविवार सुचवतो, आणि त्यातच भूमितीची हौसही भागेल. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात त्याचा गुरू सॉक्रेटिस एका मुलाला प्रश्न विचारतो: दोन फूट बाजूचा चौरस आहे, त्याचे क्षेत्रफळ चार, याच्या दुप्पट, म्हणजे आठ क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू किती घ्यावी? मुलगा म्हणतो, दुप्पट, चार. काढून पाहतात तर क्षेत्रफळ होते सोळा. मग तो म्हणतो, तीन. ते होते नऊ. शेवटी तो म्हणतो, मला माहीत नाही. येथे सॉक्रेटिस थांबतो आणि ज्याच्याशी हा संवाद चालला आहे त्या, बाजूला उभ्या असलेल्या मेनोला म्हणतो की आधी याला माहीत नव्हते आणि माहीत आहे असे वाटत होते; आता निदान माहीत नाही हे माहीत आहे, म्हणजे तो पुढेच गेला आहे. थोड्याच वेळापूर्वी मेनोने सॉक्रेटिसची तुलना पाकटाच्या जातीतल्या, स्पर्श होताच हात बधिर करणाऱ्या माशाशी केलेली असते. त्याला सॉक्रेटिसचे हे उत्तर आहे.

तुमच्या मुलांना ठिपक्यांच्या रांगोळीचा कागद द्या, म्हणजे आकडेमोडीची भीती राहणार नाही. दोन घरे लांब आणि दोन घरे रुंद चौरस काढा, त्यात चार घरे असतील. आता आठ घरांचा चौरस हवा. मुलेही चार म्हणतील, मग तीन म्हणतील, अगदी त्या मुलासारखीच, आणि तल्लख मुलगा अडीच किंवा पावणेतीन म्हणेल. सगळे मोजून पाहू द्या. खोली बधिर झाली की घाबरू नका, आणि कृपा करून उत्तर सांगू नका. त्या रविवारी नाही आले तर पुढच्या रविवारी चार बाय चारचा कागदी चौरस द्या, त्याचे चारही कोपरे मध्यबिंदूपर्यंत दुमडायला सांगा आणि उरलेल्या तिरक्या चौरसाकडे नुसते पाहायला लावा. सोळाचा निम्मा झाला, म्हणजे आठ. आणि त्याची बाजू म्हणजे छोट्या चौरसाचा कर्ण. ते ज्याला दिसेल त्याचा चेहरा पाहा. त्या मुलाला तुम्ही काय शिकवले, असे कोणी विचारले तर तुम्हाला सांगता येणार नाही, आणि ते ठीकच आहे. जाता जाता एक तक्रार नोंदवतो: सॉक्रेटिसचे प्रश्न पुष्कळदा उत्तर पोटात घेऊनच येतात आणि तो मुलगा बराच वेळ नुसता ‘हो’ म्हणत राहतो. त्या बाबतीत तुम्ही सॉक्रेटिसचे अनुकरण करू नये.

या गोष्टीतला एक तपशील मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो त्या मुलीच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. तो मुलगा मेनोच्या घरचा गुलाम आहे. सॉक्रेटिस त्याच्याविषयी पहिल्यांदा विचारतो ते याला ग्रीक बोलता येते का, एवढेच. संवादात इतरांना नावे आहेत. त्याला नाव नाही. भूमितीतले एक सुंदर सत्य त्याने सर्वांसमोर शोधले आणि नंतर, आपल्याला कळते त्याप्रमाणे, तो आपल्या कामाला परत गेला.

तेव्हा त्या मुलीला खरे उत्तर द्या. अकादमीत दोन स्त्रिया शिकत होत्या असे जुने चरित्रकार सांगतात: मँटिनिआची लास्थेनिया आणि फ्लिअसची ॲक्सिओथिया, आणि त्यांपैकी ॲक्सिओथिया पुरुषाचा वेश करीत असे. दोघीही अथेन्सच्या नव्हत्या. अथेन्समधील सभ्य घरच्या मुलींनी घराबाहेर जाऊन शिकावे ही तेथील रीत नव्हती, आणि कष्टकऱ्यांच्या मुलांना तर दिवसभर राईत बसण्याची सवडच नव्हती. ‘स्कूल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा अर्थ फुरसत असा आहे, आणि ती फुरसत थोड्यांना मिळावी म्हणून पुष्कळांना राबावे लागत होते. तिला हेही सांगा की प्लेटोच्या मृत्यूनंतर चाळीसेक वर्षांनी त्याच अथेन्समध्ये एपिक्युरस नावाच्या तत्त्वज्ञाने आपल्या बागेत शाळा काढली, तीत स्त्रिया होत्या, आणि मीस नावाचा त्याचा गुलाम इतरांबरोबर तत्त्वचर्चेत भाग घेत असे. एपिक्युरसने मृत्युपत्रात त्याला मुक्त केले.

म्हणजे तिच्या दोन प्रश्नांची उत्तरे अशी: मुली जवळजवळ नव्हत्या, आणि तुला बहुधा घेतले नसते, एपिक्युरसकडे कदाचित घेतले असते. हे ऐकून ती हिरमुसेल अशी भीती तुम्हाला वाटत असेल. मला तसे वाटत नाही. मुलांना गोड केलेले उत्तर लगेच ओळखू येते, आणि ज्या मुलीने हा प्रश्न विचारला तिला उत्तराचा अंदाज आधीच असावा. खरे सांगितल्यावर मात्र तिच्यासमोरच सगळ्यांना विचारा की ज्या माणसांनी न्याय म्हणजे काय यावर इतका विचार केला त्यांना आपल्या घरातला हा अन्याय का दिसला नसेल, आणि आपल्याला आज काय दिसत नसेल. या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल, माझ्याकडेही नाही. आणि पहिल्या प्रमुखाच्या निवडीत तिचे नाव मागे राहू नये, इतके तुम्ही पाहाल अशी खात्री आहे.

पालकांचे प्रकरण मी थोडक्यात आटोपतो. प्लेटोने एकदा ‘शिव’ या विषयावर, म्हणजे परम कल्याण कशात आहे यावर, जाहीर व्याख्यान दिले. लोक संपत्ती, आरोग्य, बळ असे काहीतरी पदरात पडेल या आशेने आले, आणि प्लेटो संख्या, भूमिती आणि खगोल यांविषयी बोलत राहिला. तेव्हा कोणी नाके मुरडली, कोणी टीका केली. ॲरिस्टॉटल ही हकीकत वारंवार सांगत असे, कारण श्रोत्यांना काय मिळणार आहे याची आधी कल्पना द्यावी, असे त्याचे मत होते. तुम्हीही तेच करा. शिष्यवृत्ती परीक्षेला या दोन तासांचा थेट उपयोग होईल असे आश्वासन देऊ नका, कारण ते तुम्ही पाळू शकणार नाही आणि पाळण्याच्या नादात रविवारचा सोमवार होईल. स्पष्ट सांगा: येथे मुले एका प्रश्नाजवळ बराच वेळ थांबायला आणि दुसऱ्याचे ऐकायला शिकतात, गुणांसाठी दुसरी जागा पाहावी. आणि त्यांना एका रविवारी मागच्या रांगेत बसायला बोलवा, पण एका अटीवर: मुलांप्रमाणेच त्यांनीही आधीच्याचे म्हणणे सांगूनच बोलायचे. भोपळ्याच्या दिवशीच बोलावलेत तर उत्तम. ‘ही सोपी गोष्ट आहे’ म्हणून पुढे सरसावणारे एखादे वडील कोणत्या फांदीवर अडकतात ते पाहण्याजोगे असेल.

दुधी मात्र दोन न्या, एक अखंड ठेवायला आणि एक चिरून पाहायला. चिरलेल्याचे काय करायचे ते त्या रविवारच्या प्रमुखाला ठरवू द्या. प्लेटोच्या मंडळींत एकत्र जेवणाची रीत होती आणि जेवण साधे असे. मेजवान्यांना सरावलेला अथेन्सचा सेनापती टिमोथियस एकदा तेथे जेवला आणि म्हणाला की प्लेटोकडे जेवलेल्याला दुसऱ्या दिवशीही बरे वाटते. वाचनालयाच्या माडीवर शेगडी नसेल, पण मावशींच्या मुलीला किंवा आणखी कोणाला घरून थालीपिठाचे भिजवलेले पीठ आणता येईल का ते विचारून पाहा, दुधी किसून त्यात चांगला मुरतो.